१.८ टर्बो ऑक्टाव्हियाच्या ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची नळी नेमकी कुठे जोडायची

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. एका मुलाने सेकंडहँड ऑक्टाव्हिया आरएस घेतलीय, जुनी १.८ टर्बो २० व्हॉल्व्हवाली. आधीच्या मालकाने ओरिजिनल डायव्हर्टर व्हॉल्व्ह (टर्बोची जास्तीची हवा परत टर्बोच्या इनलेटला फिरवणारा) काढून बाहेर हवा सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय. त्याची छोटी नळी वेस्टगेटच्या (टर्बोचं प्रेशर मर्यादेत ठेवणारी झडप) नळीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून जोडलीय, व्हॉल्व्हला खाली अजून एक निपल (नळी जोडायचं तोंड) आहे त्यात स्क्रू ठोकलाय. गाडी सिग्नलला हंटिंग करते, म्हणजे आरपीएम वरखाली होतात, कधी कधी बंद पडते, गिअर बदलताना व्हॉल्व्हचा आवाज येतच नाही, नुसतं टर्बोकडून फडफड ऐकू येते. तो विचारतोय की नळी टर्बोच्या पाईपला लावू की सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डला, आणि दुसरा निपल बंद ठेवायचा का.

भावा, नळी मॅनिफोल्डला. थ्रॉटल प्लेटच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, आणि त्या नळीवर दुसरं कुणी बसलेलं नको. टर्बोच्या पाईपला नाही आणि वेस्टगेटच्या नळीला तर अजिबात नाही. एवढ्यावर तुझं काम भागेल, पण का ते समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी बॉनेट उघडून कुणी काहीही सांगितलं तरी तुझं तुला कळेल.

व्हॉल्व्ह बसतो टर्बो आणि थ्रॉटलच्या मधल्या पाईपवर. तू अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलास की थ्रॉटल प्लेट बंद होते, पण टर्बो काय लगेच थांबत नाही, तो हजारो आरपीएमवर फिरतच असतो आणि हवा ढकलत राहतो. पुढे दार बंद, त्यामुळे ती हवा उलटी फिरून कंप्रेसरच्या पात्यांतून मागे येते, आणि तुला जी फडफड ऐकू येते ती हीच, तिला सर्ज म्हणतात. व्हॉल्व्हने त्या क्षणी उघडून हवा सोडायची असते. आता त्या क्षणी फक्त एका ठिकाणी परिस्थिती एकदम पालटते, आणि ते ठिकाण म्हणजे प्लेटच्या पलीकडचा मॅनिफोल्ड. तिथे आत्ता बूस्ट (टर्बोने वाढवलेलं हवेचं प्रेशर) होता आणि पुढच्या क्षणी जोरदार व्हॅक्यूम. प्लेटच्या अलीकडे तेव्हाही प्रेशरच असतं. म्हणून व्हॉल्व्हला प्लेटच्या पलीकडची बातमी मिळाली पाहिजे, अलीकडची मिळून उपयोग नाही.

आकड्यात बघ म्हणजे डोक्यात बसेल. समज वरच्या डायाफ्रामचा व्यास ४५ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १६ चौरस सेंटिमीटर, आणि खालच्या झाकणाचा व्यास ३० मिलिमीटर, म्हणजे ७ चौरस सेंटिमीटर. बूस्ट ०.६ बार. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. फुल थ्रॉटलला मॅनिफोल्डमधून वर ०.६ येतो, म्हणजे साडेनऊ किलो खाली दाबतात, आणि पाईपमधून झाकणाला चार किलो वर ढकलतात. स्प्रिंग धरलीच नाही तरी व्हॉल्व्ह बंदच राहणार. आता पाय काढला, मॅनिफोल्डमध्ये उणे ०.६ झालं, तर वरचे साडेनऊ किलो आता खेचायला लागले, खालचे चार किलो ढकलतायतच, एकूण चौदाच्या आसपास किलो व्हॉल्व्ह उघडायच्या बाजूने. स्प्रिंगचा जोर दहा-अकरा किलो असेल तर खट्कन उघडतो. आणि तुझ्या गाडीत काय चाललंय? वरची नळी पण टर्बोकडचीच, खालचं प्रेशर पण टर्बोकडचंच. वर साडेनऊ खाली चार, पाय काढला तरी तेच, दिवसभर तेच. तो उघडणार कसा, त्याला बिचाऱ्याला कुणी कळवलंच नाही की थ्रॉटल बंद झालंय.

ह्याच हिशोबातून स्प्रिंगचं पण कळतं, आणि इथे खूप जण चुकतात. लोक विचारतात माझा बूस्ट अमुक पीएसआय आहे तर स्प्रिंग किती कडक टाकू. स्प्रिंग बूस्टवर ठरतच नाही रे, बूस्ट असताना व्हॉल्व्ह बंद ठेवायचं काम मॅनिफोल्डमधून आलेलं प्रेशरच करतं. स्प्रिंग ठरते आयडलच्या व्हॅक्यूमवर. आयडलला वर साडेनऊ किलो खेच असते आणि खाली प्रेशर शून्य, तेव्हा व्हॉल्व्ह जेमतेम बंद राहील इतपत स्प्रिंग हवी. साडेनऊपेक्षा ढिली असेल तर आयडलला झाकण उघडं राहणार, चौदाच्या वर गेली तर पाय काढल्यावर उघडणारच नाही. टियालसारखी कंपनी म्हणूनच आयडल व्हॅक्यूमनुसार वेगवेगळ्या रंगाच्या स्प्रिंगा देते. वर स्क्रूवाला व्हॉल्व्ह असेल तर ढिल्यापासून सुरुवात कर, इंजिन गरम होऊन आयडलला स्थिर झालं की व्हॉल्व्हच्या हवा सोडणाऱ्या तोंडावर बारीक कागदाचा कपटा धर, आत ओढला जात असेल तर अर्धा अर्धा आटा कस, ओढ थांबली की तिथेच लॉकनट मार. कागद घट्ट धर मात्र, आत गेला तर पाईप खोलावा लागेल.

मोजताना एक लक्षात ठेव, गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतो. मुंबईत चांगलं इंजिन आयडलला उणे ०.६५ ते ०.७ बार दाखवेल, तेच पुण्यात, साधारण ५६० मीटर उंचीवर, थोडं कमी दाखवेल आणि महाबळेश्वरला तर उणे ०.५ च्या जवळपास. इंजिन बिघडलेलं नसतं, बाहेरची हवाच विरळ असते. घाटावर जाऊन गेज बघून घाबरून स्प्रिंग फिरवत बसलेली माणसं मी पाहिलीत, म्हणून सांगतोय.

आता मॅनिफोल्डवर नेमका कुठला निपल. गाडीत व्हॅक्यूमची तोंडं बरीच असतात आणि सगळी सारखी नसतात. काही निपल प्लेटच्या अगदी काठावर असतात, आयडलला तिथे व्हॅक्यूम नसतंच, प्लेट थोडी उघडली की येतं, जुन्या गाड्यांत पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरसाठी वगैरे असायचे, ते चालत नाहीत. काही नळ्यांमध्ये मध्येच वन-वे व्हॉल्व्ह असतो, एक छोटी काळी किंवा पांढरी डबी दिसेल, तिच्या पलीकडे टी टाकलीस तर व्हॅक्यूम अडकून राहतं आणि बूस्ट पोहोचतच नाही. मग बूस्टमध्ये पण व्हॉल्व्ह खेचलेलाच राहतो, सगळी हवा बाहेर आणि गाडीला पिकअप शून्य. म्हणून अंदाजाने जोडू नकोस. साधा बूस्ट गेज घे, निवडलेल्या निपलला लावून बघ. आयडलला व्हॅक्यूम दाखवला पाहिजे, गाडी पळवताना बूस्टमध्ये काटा पॉझिटिव्हला गेला पाहिजे, आणि पाय काढताच काटा एकदम आयडलपेक्षाही खाली आपटला पाहिजे. तिन्ही दिसलं तर निपल बरोबर, एक जरी नाही दिसलं तर दुसरा शोध. आणि गेज बघायला शेजारी कुणाला तरी बसव, चालवताना स्वतः बघू नकोस.

ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक पेडल हलकं करणारा डबा) नळीला हात लावायचा नाही. हे मी विनंती म्हणून नाही, हात जोडून सांगतोय. ती नळी जाड असते, सहज हाताला येते, व्हॅक्यूम भरपूर असतं, म्हणून टी टाकायचा मोह होतो. काही वर्षांपूर्वी एक गाडी माझ्याकडे टो करून आली, कुणीतरी वन-वे व्हॉल्व्हच्या बूस्टरकडच्या बाजूला टी टाकून ब्लो-ऑफची नळी घेतली होती, पातळ नळी, एग्झॉस्टजवळून नेलेली, ती वितळून भोक पडलं. खंबाटकी उतरताना दोन वेळा ब्रेक मारला आणि तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं. बूस्टरमध्ये साठलेलं व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरतंच असतं, त्यानंतर सगळा जोर पायाचा. गिअर खाली टाकत टाकत त्याने गाडी कडेला लावली, आत बायको आणि लहान मुलगी होती. त्या दिवसापासून माझ्याकडे ब्रेकच्या लाईनवर टी असलेली गाडी आली तर मालकाने सांगितलेलं काम नंतर, आधी ती टी निघते.

इंधनाच्या प्रेशर रेग्युलेटरच्या नळीवर आणि मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या नळीवर पण नको. ब्लो-ऑफचा डायाफ्राम वरखाली होतो तेव्हा नळीतली हवा ओढतो आणि ढकलतो, आणि उद्या तो फाटला तर त्या लाईनवरच्या सगळ्यांना खोटं प्रेशर दिसेल, म्हणजे बूस्टमध्ये इंधन कमी पडायचा धोका, आणि टर्बो पेट्रोलमध्ये बूस्टवर लीन जाणं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं) पिस्टनवर बेतू शकतं. बूस्ट गेज मात्र त्याच लाईनवर चालतो, तो हवा वापरत नाही.

आता तुझ्या गाडीत कंपनीने काय केलं होतं ते. त्या १.८ टर्बोमध्ये मॅनिफोल्डपासून डायव्हर्टर व्हॉल्व्हपर्यंत सरळ नळी नसते, मध्ये एन२४९ नावाचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) असतो आणि एक व्हॅक्यूमची टाकी. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटलं तर तो टाकीतलं साठवलेलं व्हॅक्यूम देऊन व्हॉल्व्ह उघडू शकतो, मॅनिफोल्डमध्ये बूस्ट असला तरी. कंपनीने विचार करून केलेली रचना आहे, पण इतक्या वर्षांनी त्या सगळ्या बारीक नळ्या कडक होऊन चिरलेल्या असतात आणि कुठली नळी कुठे हे शोधण्यात दिवस जातो. तुझ्या गाडीत आधीच कुणी खेळ केलाय तर मी सरळ मार्ग घेईन: मॅनिफोल्डच्या निपलवरून थेट व्हॉल्व्हच्या वरच्या निपलला एकच नळी. मोकळी राहिलेली तोंडं रबरी कॅप आणि क्लिप लावून नीट बंद. एन२४९ चं इलेक्ट्रिक कनेक्टर मात्र लावलेलंच ठेव, सोलेनॉइड तिथेच बांधून ठेव, नाहीतर चेक इंजिन लाईट येईल. आणि एन७५ शी गल्लत करू नकोस, तो वेगळा, वेस्टगेटचं प्रेशर सांभाळणारा सोलेनॉइड. त्याच्या तीन नळ्या असतात, एक टर्बोच्या प्रेशरकडून येते, एक वेस्टगेट अ‍ॅक्च्युएटरला जाते, तिसरी टर्बोच्या इनलेटमध्ये परत. तुझी टी बहुतेक ह्याच्यात कुठेतरी बसलीय, ती काढून नळी एकसंध टाक. मध्ये जास्तीची हवा आणि गळती असली की वेस्टगेटला प्रेशर उशिरा आणि कमी पोहोचतं आणि बूस्ट मध्येच उसळी मारतो.

म्हणजे एवढं डोक्यात ठेव, ब्लो-ऑफ प्लेटच्या पलीकडचं ऐकतो आणि वेस्टगेट अलीकडचं, टर्बोच्या तोंडाचं. उलट केलंस, वेस्टगेट मॅनिफोल्डला लावलास, तर अर्ध्या थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये प्रेशर कमी आणि पाईपमध्ये जास्त, वेस्टगेटला वाटतं अजून बूस्ट झालाच नाही, आणि टर्बो गरज नसताना पळत राहतो.

दुसऱ्या निपलचं. तो खालचा निपल डायाफ्रामच्या खालच्या खोलीत उघडतो असं धरून सांगतो, तुझ्या वर्णनावरून तसंच वाटतंय, तरी व्हॉल्व्हच्या कागदावर बघून घे. तो एकतर मोकळा ठेवतात, धूळ जाऊ नये म्हणून टोकाला छोटा फिल्टर, नाहीतर प्लेटच्या अलीकडच्या पाईपचं प्रेशर तिथे देतात म्हणजे पाय काढल्यावर खालून पण जोर मिळतो आणि व्हॉल्व्ह चटकन उघडतो, जास्त बूस्टवर कामाचं आहे. पण बंद करायचा नाही. खालची खोली सीलबंद झाली की डायाफ्रामला हलायला तिथली हवाच अडवते, तोंडावर बोट दाबून सिरिंजचा दट्ट्या ओढून बघ, तसं होतं. तो स्क्रू आजच काढ. ०.६ बारवर मोकळा ठेवलास तरी पुरेसं आहे, उगाच अजून एक नळी वाढवू नकोस.

नळी कसली घ्यायची हे लोक सर्वात हलकं घेतात आणि निम्मी भानगड तिथेच असते. माशांच्या टाकीची नळी, गवंड्याची लेव्हल ट्यूब, सलाईनची नळी, सगळं पाहिलंय मी बॉनेटखाली. गरम झाली की मऊ पडते आणि व्हॅक्यूमने चपटी होते, मग थंड गाडीत व्हॉल्व्ह चालतो आणि वीस मिनिटांनी बंद, आणि माणूस व्हॉल्व्हलाच शिव्या घालतो. सिलिकॉनची व्हॅक्यूम होज घे, निपलच्या मापाची, आतून ४ ते ६ मिलिमीटर, आणि भिंत जाड असलेली, दोन बोटांत दाबली तर लगेच चपटी होता कामा नये. पेट्रोल आणि ऑइल लागत असेल तिथे मात्र सिलिकॉन फुगतं, तिथे फ्युएल होजच बरी. लांबी जितकी कमी तितकं चांगलं, हातभराच्या आत जमव, कारण ती सगळी नळी आधी रिकामी व्हावी लागते मगच व्हॉल्व्हला कळतं. दोन्ही टोकांना क्लिप हवीच, व्हॅक्यूममध्ये नळी आपोआप घट्ट बसते पण बूस्टमध्ये निसटते. निसटली तर मॅनिफोल्डचं तोंड उघडं पडतं आणि आयडल वरखाली व्हायला लागतं.

आणि निपलच नसेल तर? अ‍ॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला भोक पाडून आटे मारता येतात, पण मॅनिफोल्ड खाली उतरवून, गाडीवर बसलेला असताना ड्रिल मारलास तर कीस थेट सिलिंडरमध्ये. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डला तर ड्रिल लावूच नकोस.

आता सिग्नलला गाडी बंद का पडते. तुझ्या गाडीत एअर फिल्टरनंतर लगेच मास एअर फ्लो सेन्सर आहे, आत आलेली हवा तो मोजतो आणि ईसीयू तितकं पेट्रोल देतो. वाटेत ब्लो-ऑफने मोजलेली हवा बाहेर सोडली तर पेट्रोल तेवढंच पण हवा कमी, मिश्रण जाड, क्षणभर काळा धूर, आरपीएम खाली येताना इंजिन सावरत नाही. उलट स्प्रिंग ढिली असेल तर आयडलला व्हॉल्व्हमधून न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ, हंटिंग. आणि तीही फिल्टर न झालेली हवा, आपल्या रस्त्यांवरची धूळ सरळ आत. तुझ्या गाडीत सध्या बंद व्हॉल्व्ह आहे तर हंटिंग दुसऱ्या गळतीमुळे असेल, बहुधा एन२४९ च्या मोकळ्या सोडलेल्या नळीमुळे, पण नळी बरोबर लावल्यावर वर सांगितलेला मिश्रण जाड होण्याचा त्रास सुरू होईल, तयारी ठेव. म्हणून माझं स्पष्ट मत, ह्या इंजिनवर बाहेर हवा सोडणारा व्हॉल्व्ह नकोच. ओरिजिनल पद्धतीचा परत फिरवणारा बसव, बॉशचा चांगला मिळतो, त्याचं आउटलेट २५ मिलिमीटरच्या होजने एअर फ्लो सेन्सर आणि टर्बोच्या मधल्या पाईपमध्ये परत दे. मोजलेली हवा मोजलेलीच राहते. आवाज कमी येईल, मला माहितीये तुला तो आवाज हवाय, पण गाडी सिग्नलला बंद पडत असेल तर आवाजाचं काय करायचं. ज्या गाड्यांत मास एअर फ्लो नाही, फक्त मॅप सेन्सर आहे, तिथे बाहेर सोडलं तरी मिश्रणाला फारसा फरक पडत नाही, तिथे हौस करायला हरकत नाही, फक्त इन्शुरन्सवाल्यांना बदल कळव आणि मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ एकदा वाचून ठेव.

डिझेलवाल्यांसाठी पण सांगतो कारण हा प्रश्न दर महिन्याला येतो: डिझेलमध्ये पेट्रोलसारखं थ्रॉटल लावून हवा अडवून वेग कमी करत नाहीत, त्यामुळे पाय काढल्यावर मॅनिफोल्डमध्ये तो जोरदार व्हॅक्यूम येत नाही, व्हॉल्व्हला उघडायला कारणच नसतं आणि गरजही नसते. लॉरा १.८ टीएसआयसारख्या नंतरच्या गाड्यांत डायव्हर्टर इलेक्ट्रिक आहे, टर्बोवरच बोल्ट केलेला, ईसीयू तारेने उघडतो, तिथे नळीचा प्रश्नच नाही.

बसवायच्या आधी व्हॉल्व्ह तपास. डायव्हर्टरचं झाकण बोटाने आत दाब, वरच्या निपलवर दुसरं बोट घट्ट लाव, आता झाकण सोड. ते आतच अडकून राहिलं तर डायाफ्राम चांगला, हळूहळू परत आलं तर फाटलेला. मेडिकलमधून ६० एमएलची सिरिंज आणून नळीने ओढून पण बघता येतं, व्हॉल्व्ह उघडून तसाच थांबला पाहिजे.

आणि सगळं जोडून झाल्यावर गळती बघितल्याशिवाय गाडी पळवू नकोस. हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसीची एंड कॅप मिळते, टर्बोच्या इनलेट पाईपच्या मापाची घे, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसव. एअर फ्लो सेन्सर काढून तिथे ही कॅप क्लॅम्पने आवळ, पंपाने ०.५ बारपर्यंत हवा भर, त्याच्यावर नको, आणि कॅपच्या समोर तोंड करून उभा राहू नकोस. साबणाचं पाणी फवारत जा, जिथे बुडबुडे तिथे गळती. थोडी हवा क्रँककेसमधून ऑइलच्या झाकणाकडे जाईल, तो आवाज वेगळा ओळखता येतो. मॅनिफोल्डपर्यंत प्रेशर पोहोचलेलं असतं तेव्हा ब्लो-ऑफ बंदच राहायला हवा, तिथून हवा येत असेल तर पहिल्यांदा त्याच्या वरच्या नळीकडे बघ.

क्रम असा ठेव: स्क्रू काढ, वेस्टगेटवरची टी काढ, गेज लावून निपल पक्का कर, नवी नळी, क्लिपा, गळतीची चाचणी, मग एक मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरला फिरवून ये. गेजचे तीन आकडे आणि आता फडफड येतेय का ते कळव, फोटो काढताना थ्रॉटल बॉडी आणि एन२४९ दोन्ही दिसतील असा काढ.